घंटा मिसबाईंकडे गेली नाही

४ डिसेंबर १९७१, शनिवार

भिंगारातला काळा कागद संपला! सकाळी कानिफनाथच्या दुकानात ही गर्दी, माझा नंबर येईपर्यंत एक पट्टीसुद्धा उरली नाही. शेवटी शाळेतल्या जुन्या चित्रकलेच्या कागदांना तव्याची काजळी फासली आणि ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना चिकटवले. हात कोपरापर्यंत काळे. हे म्हणाले, "पाकिस्तानचं विमान तुला बघूनच माघारी जाईल." डेपोतून दमून येतात, पण जीभ मात्र ताजी असते!

काल संध्याकाळी लढाई लागली. आज दिवसभर सगळ्या आळीचे रेडिओ चालू. शेजारच्या नीलांबरीचा धाकटा भाऊ राधाकृष्ण रणगाड्यांवर आहे. कुठल्या सीमेवर, कुणालाच ठाऊक नाही. दुपारी आली, भिंतीला टेकून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना. "छबूताई, तुमच्याकडे चर्चमध्ये देशासाठी प्रार्थना करतात ना?"

करतात म्हटलं. करतोच की, दर रविवारी! आमच्या राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे, आमच्या देशाला शांती दे — वर्षानुवर्षं तेच, तोंडपाठ. ते म्हणताना माझ्या डोक्यात बहुतेक वेळा हेच असतं की रश्शाला कोथिंबीर आणायची राहिली.

हे तिला सांगितलं नाही.

५ डिसेंबर, रविवार

चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थनेची साखळी जाहीर केली. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मंडळीतलं एक ना एक घर देशासाठी प्रार्थना करत असणार. रविवारच्या शाळेची पितळी घंटा घरोघर फिरेल. ज्याच्याकडे घंटा, त्याने गुडघे टेकायचे. आपला वेळ संपला की पुढच्या घरी जायचं आणि घंटा हातात द्यायची. दारात ठेवून यायचं नाही, हातातच द्यायची. शाळा सुटल्यावर आमचं घर, आमच्यानंतर मिशनच्या बंगल्यातल्या मिसबाई. मिसबाईंना आता चालवत नाही, म्हणून त्यांच्याकडून घंटा न्यायला पाळकसाहेब स्वतः येणार.

आणखी एक काम माझ्या गळ्यात पडलं. या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी छावणीतल्या आणि गावातल्या चार मोठ्या लोकांना बोलावून उपासना करायची, आणि 'ख्रिस्ती माणसाने राष्ट्रासाठी प्रार्थना का करावी' यावर मी बोलायचं. पाळकसाहेब म्हणाले, "तुमच्यासारखं बोलणारं दुसरं आहे कोण?" नको नको म्हटलं, पण आतून फुगलेच. खोटं कशाला लिहू!

६ डिसेंबर, सोमवार

पहिला दिवस. गुडघे टेकले. हे देवा, आमच्या राष्ट्रावर कृपादृष्टी कर — एवढं झालं आणि पुढे काही सुचेना. रॉकेल, ह्यांचा फाटका मोजा, तिसरीच्या वर्गाचा गोंधळ, सगळं डोळ्यांपुढून गेलं. देश काही दिसेना. वेळ कसाबसा ओढला आणि घंटा घेऊन बंगल्यावर गेले.

मिसबाई फाटकातच उभ्या, एक हात काठीवर, एक हात पुढे. मिस ट्रॅस्क हे नाव आता पोष्टमनखेरीज कुणाला आठवतही नसेल. तरुणपणी अमेरिकेतून आल्या. मिशनचं काम कधीच सुटलं, बरोबरच्या सगळ्या मायदेशी गेल्या. ह्या इथेच, बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत. रंगुबाई त्यांचं करून घालते. मराठी शिकल्या राहुरीकडच्या खेड्यांतल्या बायांकडून, त्यामुळे अजून तशीच बोलतात. पाळकसाहेबांना पाहुण्यांसमोर लाज वाटते. मला नाही. मी देवळाली प्रवऱ्याहून त्यांच्या बोर्डिंगात आले तेव्हा माझ्या डोक्यातल्या उवा ह्याच बाईने काढल्या.

"आलीस व्हय गं छबे? कोनासाठी केलीस?"

"देशासाठी."

"देश म्हंजे कोन? नाव सांग की."

मी घंटा त्यांच्या पुढे केलेल्या हातात दिली.

"पोष्टमन घ्यायचा. रोज तारा घेऊन फिरतोय बिचारा. त्यो आळीत आला की बाया दार लावून घेत्यात. त्याला कसं वाटत आसंल गं?"

मी आता मुख्याध्यापिका आहे, पण त्यांच्यापुढे उभी राहिले की पुन्हा फ्रॉकातली छबी होते.

९ डिसेंबर, गुरुवार

आज नावं घेऊन केली. पोष्टमन. राधाकृष्ण. कानिफनाथ — त्याने परवा रॉकेल मापात मारलं, म्हणून नाव घेताना आधी दात-ओठच खाल्ले. पण एकदा नाव घेतलं की त्याची आजारी बायको आठवली, सकाळी एकटाच दुकान झाडतो ते आठवलं. राग काही टिकला नाही. वेळ कसा गेला कळलं नाही!

नीलांबरीला सांगितलं की तिच्या भावाचं नाव रोज घेतो, आम्हीही आणि मिसबाईही. तिने पदर डोळ्यांना लावला.

१२ डिसेंबर, रविवार

भाषण लिहायला घेतलं. शास्त्रात सांगितलंय म्हणून प्रार्थना करावी. या मातीचं खातो म्हणून करावी. आम्ही परके नाही, तुमच्याइतकेच या देशाचे आहोत, हे दिसावं म्हणून — हे शेवटचं खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

१४ डिसेंबर, मंगळवार

काय लिहू! लिहायची लाज वाटते.

पेपरात मोठ्ठ्या अक्षरांत आलंय, अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं. पाकिस्तानच्या बाजूने, आपल्यावर! सकाळी साखर आणायला गेले तर कानिफनाथ तराजू धरूनच म्हणाला, "काय बाई, तुमची जहाजं निघाली म्हनं!"

"माझी कसली जहाजं? मी देवळालीची!"

"तसं न्हाई वो. पर मिसबाईला इचारा की, माघारी फिरवा म्हनावं. त्यांचं ऐकत्याल."

दुकानातली चार माणसं हसली. तोही हसला. थट्टाच होती, मलाही कळलं. पण माझे कान तापले. सगळा जन्म इथे गेला, झेंड्याला सलाम करून पोरांना कवायत शिकवली, आणि एका जहाजाने मला अमेरिकेची करून टाकलं! शाळेतही सगळ्या जणी माझ्याकडेच बघतात असं वाटत राहिलं. कदाचित नसतीलही बघत.

संध्याकाळी घंटा घेऊन निघाले. बंगल्याच्या कोपऱ्यावर कॉलेजातली पोरं जमलेली, कागदाचं जहाज करून पेटवत होती. अमेरिका मुर्दाबाद चाललेलं. पलीकडे पानाच्या टपरीवर माणसं उभी. त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी हातात घंटा घेऊन गोऱ्या बाईच्या फाटकात जायचं?

पाय वळले. मी वळवले! पाय आपोआप वळत नसतात. पदराखाली घंटेची जीभ घट्ट धरली आणि थेट पाळकसाहेबांच्या घरी गेले.

"मिसबाई?" त्यांनी विचारलं.

"त्यांना बरं नाही. आजचा दिवस राहू द्या म्हणाल्या."

एवढं सफाईने बोलले की माझी मलाच भीती वाटली. बोर्डिंगात खोटं बोलणाऱ्या मुलीला मिसबाई सगळ्यांसमोर मिठाच्या पाण्याची गुळणी करायला लावायच्या. स्वतः तर अशा, की जेवण अळणी असलं तर पाळकांच्या घरीसुद्धा तोंडावर सांगतात. आज घरी येऊन जेवले नाही. हे म्हणाले, डोकं दुखतंय का? हो म्हटलं. आणखी एक.

१५ डिसेंबर, बुधवार

देवा, हे काय!

सकाळी रंगुबाई आली. म्हटलं झालं, आता विचारणार. तोंड उघडायच्या आत मीच बोलून गेले, "पाळकसाहेबांनी क्रम बदललाय गं, घंटा आता तिकडे येणार नाही."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "बाईंनी कालच्या सांजंपासनं आंथरून धरलंय. न्हेमी एवढं बोलत्यात, पर पांघरून घिऊन गप पडल्यात. तुमाला सांगावा दिलाय, 'छबीला म्हनावं मला बरं न्हाई, काळजी करू नगं.'"

मी तोंडातून काढलं आणि तसंच झालं! त्या वयाच्या बाईला मी आजारी म्हटलं, आणि त्या आजारी पडल्या. योगायोग म्हणावं तर म्हणवत नाही. जाऊन बघावं, तर कुठल्या तोंडाने? कपाळावर हात ठेवीन आणि त्यांना कळेल. त्यांना नेहमी कळतं.

घंटा आजही परस्पर पाळकसाहेबांकडे दिली. प्रार्थना केलीच नाही. नुसती बसून राहिले.

१६ डिसेंबर, गुरुवार

जिंकलो! ढाक्याला शरणागती! संध्याकाळी रेडिओवर आलं आणि सगळं भिंगार रस्त्यावर. ढोल, फटाके, गुलाल. खिडकीचे काजळीचे कागद ह्यांनी टराटरा फाडले. कानिफनाथ येईल-जाईल त्याच्या तोंडात पेढा कोंबत होता, माझ्याही कोंबला. "घ्या बाई, जहाज बुडालं!"

हसले. बंगल्यात रोजच्यासारखा कंदील दिसला. कुणीतरी पेढा घेऊन तिकडे गेलं असेल का?

मी गेले नाही.

१८ डिसेंबर, शनिवार

रंगुबाई नळावर भेटली. बाई अजून अंथरुणातच. ताप दिसत नाही, पण उठत नाहीत. डॉक्टर नको म्हणतात.

आणि आता हे लिहून टाकते, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. उद्याच्या उपासनेला त्या येणार नाहीत हे ऐकून मला हायसं वाटलं. छावणीतले अधिकारी, गावातले लोक, आणि पहिल्या बाकावर गोरी बाई, हे दृश्य टळलं म्हणून. आई होती ती माझी! आहे. मी माणूस आहे का कोण आहे!

१९ डिसेंबर, रविवार

झालं संध्याकाळचं भाषण. चर्च गच्च. दाराशीही लोक उभे. मी बोलले, आणि असं बोलले की बायांनी डोळे पुसले. मग प्रार्थना. सैनिकांसाठी, विधवांसाठी, अनाथांसाठी — आवाज कुठे चढवायचा, कुठे पाडायचा, मला चांगलं ठाऊक आहे. डोळे मिटलेले, पण कान दाराकडे. देवाशी बोलत नव्हते मी. दाराशी उभ्या असलेल्या लोकांशी बोलत होते: बघा, आम्ही तुमचेच आहोत, बघा, बघा!

नंतर नीलांबरीचे यजमान शामकांतराव मुद्दाम पुढे आले. "बाई, असं देशप्रेम आम्हालाही जमायचं नाही." हेच ऐकायला तर सगळा खटाटोप होता. ऐकलं, आणि हातातला भाषणाचा कागद चुरगाळला.

पाळकसाहेब म्हणाले, "छान बोललात." पण माझ्याकडे बघून नाही, खाली फरशीकडे बघून.

नीलांबरी आली नव्हती. तिच्या भावाची अजून काही खबर नाही.

२० डिसेंबर, सोमवार

तिलाच विचारलं, "काल आली नाहीस?"

"मी मिसबाईंकडे होते. रोज त्याच वेळेला जाते ना."

रोज?

नीलांबरी सुपात गहू निवडत बोलत होती, अगदी साधेपणाने. "त्या मंगळवारी तुम्ही कोपऱ्यावरून वळलात, मी अंगणातून बघितलं. घाईत असाल म्हटलं. पण मिसबाई फाटकात हात पुढे करून उभ्याच होत्या. त्यांनीही बघितलं होतं. मला राहवेना, गेले. म्हटलं, घंटेशिवाय प्रार्थना होत नाही का? म्हणाल्या, 'हुती की. पर कुनीतरी हातात द्यावी लागती गं.' मग घरी आले आणि आमच्या देवघरातली घेऊन गेले. सासूबाई गावाला गेल्यात म्हणून जमलं, नाहीतर ती उंबऱ्याबाहेर पडते कशाला!"

"आणि त्यांनी घेतली?"

"घेतली ना! उलटी-सुलटी करून बघितली. वर गरुड आहे. 'ह्यो कोन?' म्हणाल्या. गरुड म्हटलं. 'बरं, बसू दे त्यालाबी.' मग राधाकृष्णाचं नाव घेतलं. पोष्टमनचं घेतलं. तुमचं तर रोज घेतात."

मी आत आले आणि मोरीत जाऊन रडले. बादली भरायला लावली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

२१ डिसेंबर, मंगळवार

फाटकापर्यंत गेले. परत आले.

२३ डिसेंबर, गुरुवार

आज गेले. शाळेतून थेट, हातात घंटा, पदराबाहेर. टपरीवरच्या माणसांनी वर बघितलंसुद्धा नाही.

मिसबाई पांघरूण घेऊन पडलेल्या. उशाशी गरुडाची घंटा. रंगुबाईला बाहेर जा म्हटलं आणि घडाघडा सगळं सांगितलं. वळले ते, पाळकसाहेबांना सांगितलं ते, उपासनेला त्या नाहीत म्हणून हायसं वाटलं तेसुद्धा. "तुम्ही माझ्यामुळे आजारी पडलात. मी तोंडातून काढलं म्हणून."

"येडी का खुळी तू?" एवढंच म्हणाल्या.

"मला भीती वाटली. लोक म्हणतील, ह्या बाया आपल्या नाहीत."

त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाल्या, "कानिफनाथनं पेढे धाडले. पोरं कोपऱ्यावं वरडत हुती, त्यातली दोगं पानी प्यायला हितंच आली. मला कुनीबी तसं म्हनलं न्हाई, छबे. तूच पयली."

जमिनीवर बसले आणि खाटेच्या कडेला डोकं टेकलं. त्यांचा हात केसांत आला, उवा बघायचा तसाच. "मिठाची गुळणी करू का?" मी विचारलं. खुदकन हसल्या. आणि पांघरूण बाजूला सारून चक्क उठून बसल्या! "रंगे, चा ठेव. मला आता लई बरं वाटतंय." काठीसुद्धा न घेता खुर्चीपर्यंत गेल्या. मी बघतच राहिले. औषध नाही, पाणी नाही!

मग म्हणाल्या, "आता तू कर." भिंगारभर गाजलेली माझी वाणी, पण एक शब्द फुटेना. शेवटी नुसती नावं घेतली. राधाकृष्ण. नीलांबरी. कानिफनाथ. ते जहाज पेटवणारे पोरगे.

"माझ्या मुलखाचंबी घे गं," त्या हळूच म्हणाल्या. "त्यो लई चुकलाय. त्याचं कोन घेनार हितं?"

घेतलं. एवढं मोठं भाषण केलं मी, प्रार्थना का करावी म्हणून! त्या बाईंनी चुकलेल्या देशाचंही नाव घ्यायला लावलं, आणि माझंही रोज घेत होत्या. माझ्या लिहिलेल्या कारणांत हे कुठेच नव्हतं. कागद चुलीत घातला.

२५ डिसेंबर, नाताळ

राधाकृष्णाचं कार्ड आलं! पायाला लागलंय, पण जिवंत आहे. नीलांबरी फराळाच्या ताटासकट चर्चच्या दारात. मिसबाई पहिल्या बाकावर, मी शेजारी. करंज्या खाऊन म्हणाल्या, "सारन कमी हाय."

पाळकसाहेबांना अजून सांगायचं राहिलंय. नाताळच्या दिवशी नको म्हटलं. तेही पळवाटच.

२६ डिसेंबर, रविवार

उपासनेनंतर त्यांना गाठलं. म्हटलं, त्या मंगळवारी मिसबाई आजारी नव्हत्या, मी खोटं सांगितलं.

"माहीत आहे," पाळकसाहेब म्हणाले. "मी लगेच विचारपूस करायला गेलो होतो. फाटकाशी उभ्या होत्या, चांगल्या ठणठणीत. म्हटलं, बरं नाही म्हणे तुम्हाला? 'कोन म्हनलं?' छबूबाई म्हटलं. 'मंग खरं हाय,' म्हणाल्या, आणि आत जाऊन झोपल्या."

मी जाईपर्यंत उठल्याच नाहीत.